निरगुडीचा बुधवार

दोंडाईच्याच्या जमीला मनियारला ओळखत नाही असं गाव स्टेशनच्या त्या अंगाला क्वचितच सापडेल. लग्न होऊन आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. सासूने पहिल्या महिन्यातच तिच्या हातात बांगड्यांची पेटी दिली आणि बरोबर घेऊन निघाली. सासूचं म्हणणं एवढंच, की दुकानात बसून बांगड्या विकता येतात, पण भरता येत नाहीत. भरायच्या तर बाईच्या ओट्यावर जायचं, तिच्यासमोर बसायचं, तिचा हात हातात घ्यायचा. सासू गेली, पेटीच्या जागी दोन कापडी गाठोडी आली, पण जमीलाचे वार तेच राहिले. सोमवारी एक गाव, शुक्रवारी दुसरं, आणि बुधवार निरगुडीचा.

तिची बसायची एक तऱ्हा होती. डावी मांडी जमिनीला टेकलेली, उजवा गुडघा उभा, आणि त्या गुडघ्यावर समोरच्या बाईचा हात. मग ती अंगठ्याच्या मुळाशी हलके दाबत, बोलत बोलत बांगडी अशी चढवायची, की बाईचं बोलणं तुटायच्या आत ती मनगटात असायची. माप कधी विचारायची नाही. नवी सून दारातून पाण्याचा तांब्या घेऊन येताना दिसली, की इकडे जमीलाने दोन-चार मापाचा बांगड्यांचा तोडा सोडलेला असायचा. कोणाचा हात बाळंतपणानंतर भरला, कोणाचा कापूस वेचून कडक झाला, कोणाचा सासरी उतरला, हे तिला चेहऱ्याआधी कळायचं.

निरगुडीत शिरताना पहिली बौद्धवस्ती. तिथल्या लिलाबाईच्या ओट्यावर तिचं बस्तान. लिलाबाई तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, शेतमजुरी करणारी, उंच, आवाजाला मोकळी. जमीला दिसली की ती हातातलं टाकून गल्लीत आवाज द्यायची, "बांगड्यावाली उनी वं माय!" मग दुपारपर्यंत ओट्यावर जागा राहायची नाही. बायका बांगड्यांसाठी यायच्या आणि बांगड्या भरून झाल्या तरी बसून राहायच्या. गर्दी ओसरली की लिलाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन समोर बसायची. दोघी एकाच ताटात जेवायच्या. सुरुवातीला दोन्हीकडच्या लोकांनी भुवया उंचावल्या, नंतर त्यांनाही सवय झाली.

लिलाबाईचा नवरा लोटन ट्रॅक्टरखाली येऊन गेला, तेव्हा त्यांची मुलगी प्रज्ञा सहावीत होती. त्यानंतरच्या बुधवारी जमीलाने गाठोडं सोडलंच नाही. नुसती ओट्यावर जाऊन बसली. त्याच्या पुढच्या बुधवारी लिलाबाईने स्वतःहून हात पुढे केला आणि म्हणाली, "भर. निळ्या भर." शेजारची एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. जमीलाने तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हातांत चार-चार निळ्या बांगड्या भरल्या, आणि घरी परतताना गाडीत बसून रडली.

प्रज्ञाच्या हाताची तर ती पहिल्यापासूनची मालकीण. पाचव्या दिवशी काळ्या मनगट्या तिने बांधल्या, चौथ्या वर्षी पहिल्या काचेच्या बांगड्या तिने भरल्या. दरवर्षी माप थोडं वाढायचं. पोर शाळेतून धावत यायची आणि हात पुढे करून म्हणायची, "मावशी, माझ्या लग्नात तूच भरायच्या हं."

"मग दुसरं कोण भरणार?" जमीला म्हणायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जमीलाला धुळ्याच्या दवाखान्यात सतरा दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. वाचली. त्या दिवसांत कोण वाचलं आणि कसं वाचलं हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. तिला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती, घरी आल्यावरही गोळ्या चालल्या. दीड वर्षाने उजव्या जांघेत एक कळ यायला लागली. कधी ती गुडघ्यापर्यंत उतरायची. तिला वाटलं, ओझं उचलून लचक भरली असेल. तेल लावलं, शेक घेतला, एका वैदूचा लेप लावला. पुढे चालताना पाय ओढला जायला लागला.

"तुना पायले काय व्हयनं?" लिलाबाईने विचारलं.

"काय नही वं. लचक भरनी."

 पुढच्या बुधवारपासून लिलाबाई गाडी थांबायच्या जागी येऊन उभी राहायला लागली. दोन्ही गाठोडी तीच उचलायची.

असे तीन-चार महिने गेले. मग एका बुधवारी जमीला नेहमीसारखी उजवा गुडघा उभा करून बसली, नऊ बायकांना बांगड्या भरल्या, आणि उठायला गेली तर उठताच येईना. जांघेत असं काही झालं की तोंडातून आवाज फुटला. दोन बायकांनी काखेत हात घालून तिला उभं केलं, लिलाबाईने कंबर धरली. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसवून, एका बाजूला झुकलेली, तिला दोंडाईच्याला पोचवलं. ओट्यावर सुट्या पडलेल्या बांगड्या लिलाबाईने गोळा करून दुसऱ्या दिवशी पाठवून दिल्या. प्रत्येक माप वेगळ्या चिंधीत बांधलेलं होतं.

जमीलाचा नवरा खाजा स्टेशन रोडला पंक्चरचं दुकान चालवतो. माणूस कमी बोलणारा. त्याने दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवलं आणि तिला धुळ्याला नेलं. एक्सरे झाला, मग एमआरआय. स्वप्नील डॉक्टर म्हणून हाडांचे तरुण सर्जन होते. त्यांनी काळी फिल्म उजेडात धरली आणि बोटाने एक जागा दाखवली.

"हा खुब्याचा गोळा. मांडीचं हाड वर जिथं कमरेच्या वाटीत बसतं, तो. याचं रक्त बंद पडलंय. रक्त नाही म्हणून इथलं हाड मेलंय."

"मेलं म्हणजे?"

"म्हणजे जिवंत नाही. कोरोनानंतर असे बरेच पेशंट बघतोय आम्ही. जीव वाचवायला स्टिरॉइड द्यावंच लागलं, त्याचा काही जणांना असा त्रास झाला. सध्या गोळा आकार धरून आहे. औषध देतो, पायावर भार टाकू नका. बघू किती दिवस टिकतो."

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. खाजाने विचारलं, "दुखतंय का?"

ती म्हणाली, "आपण बोलतोय, जेवतोय, आणि आतलं एक हाड मेलेलं. कधी मेलं ते आपल्याला कळलंसुद्धा नाही."

 खाजाने तिच्या मांडीवरची फिल्मची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

गोळा आठ महिने टिकला. त्या आठ महिन्यांत जमीला काखेत कुबडी घेऊन घरात, नाहीतर दुकानापुढे. खाजाने दुकानाच्या कडेला एक फळी ठोकून दिली, तिच्यावर बांगड्या मांडल्या, मागे खुर्ची ठेवली. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरच्या बायका यायच्या. उभ्या उभ्या मापाचा तोडा घ्यायच्या, पिशवीत टाकायच्या. त्यांना मिरची व्यापाऱ्याला घालायची असायची, पोराला डॉक्टरकडे दाखवायचं असायचं, शेवटची गाडी गाठायची असायची. "बरी आहेस ना?" एवढं विचारून त्या निघायच्या.

दुकानापासून वीस पावलांवर काळी-पिवळी गाड्यांचा थांबा. सकाळी आठपासून गाडीवाले गावांची नावं ओरडायचे. बुधवारी "निरगुडी, निरगुडी" अशी आरोळी आली की जमीला हातातलं काम थांबवायची. गाडी भरायला पाऊण तास लागायचा. तेवढा पाऊण तास ती मनाने गाडीत बसलेली असायची. अजून एक सीट आहे, चला, चला. मग गाडी निघायची, आणि ती डोळ्यांनी तिच्यामागे रेल्वे फाटकापर्यंत जायची. आत्ता पांढरीचा उतार आला असेल. आत्ता वस्तीतल्या विहाराचा निळा झेंडा दिसला असेल. आत्ता लिलाबाई रस्त्याकडे बघत असेल, की बघायची सोडली असेल?

नमाज ती खुर्चीवर बसून पढायची. कपाळ जमिनीला लागायचं नाही, याचंही तिला वाईट वाटायचं. पण ते ती अल्लाशी बोलून मोकळी व्हायची. निरगुडीचं कोणाशी बोलणार? घरच्यांना वाटायचं, आता आराम मिळाला, उन्हातान्हाचं फिरणं सुटलं. मुलगी आयत जळगावला शिकायला होती. तिने तर फोनवर सांगितलं, "अम्मी, नाहीतरी आता सगळ्या बायका ऑनलाइन घेतात. कशाला गावोगाव हिंडायचं?" जमीला हो म्हणाली. फोन ठेवल्यावर आपल्या उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवून बराच वेळ बसली. पंचवीस वर्षं तिथे कुणाचा ना कुणाचा हात असायचा.

मार्चमध्ये लिलाबाई पत्रिका घेऊन आली. प्रज्ञाचं जमलं होतं. नाशिकला नर्सिंग शिकून ती तिथेच नोकरीला लागली होती. मुलगा सुरतेला कामाला, मूळचा शिरपूरकडचा. लग्न अकरा मेला, गावातच, विहारापुढच्या पटांगणात.

"पांढऱ्या साडीवर निळ्या की हिरव्या?" जमीलाने पहिला प्रश्न हाच विचारला.

"निळ्या. तीच बोलनी. मावशीले सांग, निळ्या."

दोघी हसल्या. जमीलाने ठरवलं होतं, कुबडी घेऊन जाऊ, खुर्चीवर बसून भरू, पण जाऊ.

एप्रिलमध्ये एका सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना आत काहीतरी खचल्यासारखं वाटलं, आणि त्यानंतर पाय टेकताच येईना. धुळ्याला नवा एक्सरे निघाला. गोळा चपटा होऊन बसला होता.

"आता सांधा बदलायचा," स्वप्नील डॉक्टर म्हणाले. त्यांनी टेबलाच्या खणातून दोन धातूचे तुकडे काढले. एक लांब दांड्याचा, एक आखूड. "हा लांब नेहमीचा. तो मांडीच्या हाडात खोलवर जातो, त्यासाठी आतलं बरंच हाड कोरावं लागतं. साठ-सत्तरच्या माणसाला चालतं. तुमचं वय त्रेचाळीस. सांधा चांगला टिकला तरी वीस-पंचवीस वर्षांनी कदाचित परत बदलायची वेळ येईल. तेव्हा बसवायला आत चांगलं हाड शिल्लक पाहिजे. म्हणून हा आखूड. हा वरच्या वरच बसतो, खालचं हाड तसंच राहतं. तुमचं खालचं हाड चांगलं आहे, त्यामुळे बसवता येईल."

जमीलाने आखूड तुकडा हातात घेतला. तळहातात मावत होता. तिने वजन बघितलं, कड बघितली, आणि विचारलं, "हा घातल्यावर खाली बसता येईल?"

"चालता येईल, जिना चढता येईल, दुखणार नाही."

"ते नाही विचारलं, डॉक्टरसाहेब. एक गुडघा उभा करून. जमिनीवर."

 "सुरुवातीला अजिबात नाही. सांधा निसटू शकतो. पुढे काही लोक बसतात, पण मी माझ्या तोंडाने तुम्हाला बसा म्हणणार नाही."

ऑपरेशनची तारीख मिळाली सात मे. जमीला म्हणाली, लग्न होऊ दे, मग करू. त्यावर डॉक्टरांनी सांगितलं, पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही, आणि पाय आखूड होत चाललाय. खाजा म्हणाला, "तू म्हणशील तसं." ते ऐकून तिला त्याचा रागच आला. त्याने ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी तिने लिलाबाईला फोन लावला.

"तू दवाखानामा जाय," लिलाबाई म्हणाली. "लगीन व्हई जाई. तुना पाय गया ते मंग मना वट्टावर कोन बठी?"

मग जमीलाने घरातल्या सगळ्या निळ्या बांगड्या पलंगावर पसरल्या. दोन दिवस निवडत होती. एकेक कानाशी धरून नखाने वाजवून बघायची, बारीक तडा असला तर आवाजात कळतो. मोरपिशी निळ्याच्या दोन डझन, मध्ये एकेक पांढरी. मऊ कापडात गुंडाळून, डब्यात घालून, निरगुडीच्या गाडीवाल्याच्या हातात दिल्या आणि त्याला तीनदा बजावलं.

ऑपरेशनला कमरेतून भूल दिली होती. कमरेखालचं शरीर तिचं नव्हतं, पण कान जागे होते. पडद्यापलीकडे ठोकल्याचा आवाज आला. खाजा दुकानात रिम सरळ करताना येतो तसाच. घाबरण्याऐवजी तिला त्या आवाजाने बरं वाटलं. कुणीतरी काहीतरी नीट करतंय असं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला वॉकर धरून उभं केलं. टाक्यांची आग होत होती, पण जांघेतली ती जुनी कळ नव्हती. ती आहे का म्हणून तिने दोनदा भार टाकून बघितलं. नव्हती.

अकरा मेला दुपारी ती दवाखान्याच्या खाटेवर होती, दोन पायांमध्ये उशी. बारा वाजले असतील. आता पोर न्हाली असेल. आता ओट्यावर चटई टाकली असेल. ती उताणी पडून छताकडे बघत होती, आणि तिचा उजव्या हाताचा अंगठा चादरीवर आपोआप दाबला जात होता, सुटत होता, दाबला जात होता. नर्सने विचारलं, "हात दुखतो का, मावशी?" ती म्हणाली, "नाही गं."

पाऊस सरला, दसरा झाला, तेव्हा ती निरगुडीला निघाली. हातात एक काठी, तीही सवयीपुरती. गाठोड्याच्या जागी आता चाकांची छोटी बॅग, खाजाने आणलेली. गाडीवाल्याने पुढची सीट तिच्यासाठी मोकळी ठेवली. पांढरीचा उतार आला तेव्हा तिने बाहेर न बघता डोळे मिटून घेतले. इतक्या वेळा तो उतार मनात बघितला होता, की खरा बघायची भीती वाटली.

लिलाबाई रस्त्यावर उभी होती. जमीला उतरताच तिने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माय वं, कितली वाळी गयी तू! चालीसन दखाड बरं." जमीला काठी न टेकता दहा पावलं चालली. लिलाबाई तोंडावर पदर धरून हसायला लागली आणि तिचे डोळे भरून आले.

ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. भिंतीवर लग्नाचा मोठा फोटो नवा लावलेला. जमीला बसायच्या आधी फोटोपाशी गेली. पांढरी साडी, निळा काठ, पोर छान दिसत होती. मग सवयीने तिची नजर मनगटांवर गेली. तिथे सोनेरी मुलाम्याच्या बांगड्या होत्या. निळी एकही नव्हती.

लिलाबाई मागे येऊन उभी राहिली.  "हातमा गयात नही वं. साबन लावी दखा. दोन पिचन्यात. मंग आयत्या वेळले त्या आनात."

"मी दोन-चार मापाच्या पाठवल्या होत्या," जमीला म्हणाली.

"दोन-सहा लागतात आता तिले."

नाशिकला तीन वर्षं, नोकरी, रात्रपाळ्या, खाणंपिणं. मुलीचा हात भरला होता, यात विशेष काही नव्हतं. पण त्या तीन वर्षांत पोर सुट्टीला बुधवारी कधी आलीच नव्हती, आणि शेवटचं वर्ष तर जमीला स्वतः आली नव्हती. तिने पलंगावर बसून निवडल्या त्या बांगड्या तिला आठवणाऱ्या हातासाठी होत्या. तो हात आता राहिला नव्हता. लिलाबाईने इतके महिने हे फोनवर सांगितलं नव्हतं. उलट दरवेळी म्हणायची, बांगड्या सगळासले आवडन्यात.

जमीलाने फोटोच्या काचेवर बोट ठेवलं, मनगटाच्या जागी. "कितली साजरी दिसस," ती म्हणाली. 

बायका जमल्या. जमीला खुर्चीवर बसली, त्या समोर उभ्या राहिल्या. तिने हात हातात घेतले. बोटं काही विसरली नव्हती, बांगड्या पूर्वीसारख्याच अलगद चढत होत्या. पण उभी राहिलेली बाई जास्त वेळ उभी राहत नाही. एकेकीच्या भरून झाल्या की ती पदर सावरून निघायची, दुसरी पुढे यायची. तासाभरात ओटा रिकामा झाला. पूर्वी याला दुपार लागायची. कोणाची सून नांदत नाही, कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे, कोण सुरतेला गेलं आणि कोण परत आलं, यातलं तिला त्या दिवशी काहीच कळलं नाही. खाली बसणं म्हणजे नुसतं बसणं नव्हतं, हे तिला त्या खुर्चीवर बसून उमगलं. स्वप्नील डॉक्टरांना ते सांगून समजलं असतं की नाही, कोण जाणे. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. पाय दुखत नव्हता.

लिलाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. पुढच्या बुधवारी ओट्यावर दोन खुर्च्या होत्या, दुसरी विहारातून मागून आणलेली. कडेला भिंतीलगत एक बाकडंही टाकलं होतं. बाई खुर्चीत समोरासमोर बसू लागली. हात गुडघ्यापर्यंत पोचत नव्हता, तो जमीलाच्या तळहातातच राहायचा, पण बाई बसली की दोन गोष्टी बोलायची. बाकड्यावर दोघी-तिघी रेंगाळायच्या. जेवताना लिलाबाईने ताट स्टुलावर ठेवलं. तेही जमलं.

सुरतेहून प्रज्ञाचा फोन येतो. "मावशी, मी आले की तू यायचंस हं," ती म्हणते. तिची रजा अजून ठरलेली नाही. डाव्या खुब्यातलं हाडही तसंच मरू शकतं, म्हणून त्याचा फोटो डॉक्टर दर सहा महिन्यांनी काढतात. आत्तापर्यंत तरी तो ठीक आहे.

परवाच्या बुधवारी निघायच्या वेळी सुलक्षणा नावाची एक तरुण बाई आली. निरगुडीपासून पुढे, नाल्यापलीकडच्या पाड्यावरची. तिकडे गाडी जात नाही, पाऊण तासाची पायवाट आहे. पूर्वी जमीला महिन्यातून एकदा तिथे चालत जायची. सुलक्षणाचं लग्न त्यानंतरचं. तिने जमीलाला कधी पाहिलं नव्हतं, सासूकडून नाव ऐकलं होतं. सातवा महिना लागलेला होता. एवढ्या उन्हात ती चालत आली होती. हिरव्या बांगड्या भरून झाल्यावर ती म्हणाली, "सासू विचारी ऱ्हायनी, आमनाकडे कव्हय येशी?"

"देखू," जमीला म्हणाली. "नाल्याला पाणी आहे का अजून?"

"गुडघाभर शे."

"आणि ती मोठी चिंच?"

"शे ना."

गाडीवाल्याने हॉर्न दिला. लिलाबाईने बॅग उचलून पुढे नेली. जमीला काठी धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सुलक्षणा कापसाच्या वावरामधल्या वाटेने परत निघाली होती, एक हात पोटावर. वाट वळते तिथपर्यंत जमीला तिच्याकडे बघत राहिली. गाडीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला, तेव्हा ती गाडीकडे वळली.